साठ लढाया जिंकल्यानंतर

मियामोतो मुसाशी हे नाव आपल्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त परिचयाचं असतं. घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. जपानी चित्रकथांमधून, म्हणजे ‘मांगा’मधून, किंवा एखाद्या व्हिडिओ गेममधून त्याची या माणसाशी ओळख झालेली असते. विस्कटलेले केस, भेदक नजर आणि दोन्ही हातांत तलवारी. ताकेहिको इनोउए या चित्रकाराची १९९८ साली सुरू झालेली ‘वॅगाबाँड’ ही चित्रमालिका त्याच्यावरच बेतलेली. जुन्या चित्रपटांचे शौकीन असाल, तर हिरोशी इनागाकींचे १९५४ ते १९५६ या काळातले तीन चित्रपट आठवतील. त्यात मुसाशी झाला होता तोशिरो मिफुने. त्या तिघांतल्या पहिल्या चित्रपटाला ऑस्करचा विशेष सन्मानही मिळाला. आणि १९८०च्या दशकात अमेरिकेत नोकरी केलेल्यांपैकी कुणीकुणी त्याचं पुस्तकही चाळलं असेल, कारण जपानी कंपन्यांच्या यशाची गुरुकिल्ली म्हणून ते तेव्हा मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी विकलं जात होतं.

चित्रकथेतला मुसाशी, सिनेमातला मुसाशी आणि मॅनेजमेंटवाल्यांचा मुसाशी. या तिघांच्या गर्दीत चौथा, खरा मुसाशी जरा मागे पडतो. तो साठीला टेकलेला, आजारी, कुणाच्याही घराण्यात कायमची चाकरी न मिळवलेला माणूस होता. त्याच्या अंगावर साठ विजयांची पुण्याई होती, आणि त्या विजयांवर त्याचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. त्याची ही गोष्ट.

मुसाशीचा जन्म १५८४ च्या सुमाराचा. गाव कुठलं यावर जपानात आजही दोन तट आहेत. तो स्वतः मात्र आपल्या पुस्तकात हारिमा प्रांताचं नाव सांगतो. ओसाकाच्या पश्चिमेचा, आजच्या हिमेजी शहराच्या आसपासचा हा मुलूख. ज्यांच्या घरी तो वाढला ते शिनमेन मुनिसाई हे स्वतः पट्टीचे तलवारबाज. ‘जित्ते’ नावाचं एक आकडेवालं लोखंडी हत्यार असतं, शत्रूची तलवार त्या आकड्यात अडकवायची असते, त्यातही ते तरबेज. शोगुन अशिकागा योशिआकीसमोर त्यांनी क्योटोच्या योशिओका घराण्यातल्या उस्तादाशी तीन सामने खेळले, त्यातले दोन जिंकले, आणि शोगुनने त्यांना सूर्याखाली ज्याला तोड नाही असा किताब दिला, अशी हकीकत मुसाशीच्या दत्तक मुलाने उभारलेल्या शिलालेखात कोरलेली आहे. थोडक्यात, पोराच्या हातात खेळण्याआधी हत्यार आलं असणार.

काळही तसाच होता. शंभराहून अधिक वर्षं जपानात सरदार एकमेकांशी लढत होते. गावागावांत तलवारीच्या तालमी होत्या. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, तशी तिथे तलवारीची घराणी. जपानी शब्द ‘र्‍यू’. प्रत्येक घराण्याचे स्वतःचे पवित्रे, स्वतःची गुपितं, आणि शागीर्दाकडून शपथेवर सही घेऊन मगच दिली जाणारी विद्या. ज्याला नाव कमवायचं असेल त्याने गावोगाव हिंडावं, दुसऱ्या घराण्याच्या नामांकित माणसाला आव्हान द्यावं आणि जिंकून दाखवावं. हरणारा पुष्कळदा घरी परत जात नसे.

मुसाशीने पहिली लढत केली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. समोर शिंतो घराण्याचा अरिमा किहेई नावाचा मोठा माणूस. मुसाशी जिंकला. सोळाव्या वर्षी ताजिमा प्रांतातल्या अकियामा नावाच्या दणकट तलवारबाजाला त्याने हरवलं. एकविसाव्या वर्षी तो राजधानीत, म्हणजे क्योटोत आला.

मध्ये १६०० साल आलं आणि सेकिगाहाराची प्रचंड लढाई झाली. या एका दिवसाने जपानचं भवितव्य ठरलं. तोकुगावा इएयासू जिंकला, १६०३ मध्ये शोगुन झाला आणि त्याच्या वंशाने १८६८ पर्यंत देशावर राज्य केलं. लोककथा सांगतात की पोरसवदा मुसाशी हरलेल्या बाजूने लढला आणि प्रेतांच्या खचातून जिवंत उठला. नव्या संशोधकांचा कल मात्र वेगळा आहे. मुनिसाई त्या सुमारास कुरोदा सरदारांकडे चाकरीला होते आणि कुरोदा इएयासूच्या बाजूचे. तेव्हा बापलेक जिंकणाऱ्या पक्षाकडून दक्षिणेत क्यूशू बेटावर लढले असण्याची शक्यता अधिक. पण प्रेतांतून उठलेला तरुण हे चित्र इतकं जबरदस्त आहे की ते कुणाच्याही मनातून जाणार नाही.

क्योटोत त्याने योशिओका घराण्याला आव्हान दिलं. तेच ते, मुनिसाईंनी ज्यांच्याशी सामना केला होता ते घराणं. शिलालेखातली हकीकत अशी आहे. आधी घराण्याचा प्रमुख सेइजुरो. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर मुसाशीने लाकडी तलवारीच्या एकाच फटक्यात त्याला आडवं केलं. सेइजुरो वाचला, पण त्याने तलवार कायमची सोडून दिली. मग देन्शिचिरो. तो पाच फुटांच्या लाकडी तलवारीनिशी आला. मुसाशीने तीच तलवार त्याच्या हातून हिसकावली आणि तिनेच त्याला ठार केलं. शेवटी इचिजोजी गावाजवळच्या एका पाइन वृक्षापाशी माताशिचिरोच्या नावाखाली अख्खं घराणंच धनुष्यबाणांसकट जमलं. मुसाशी त्या गर्दीतून लढत बाहेर पडला, आणि योशिओकांचं तलवारीतलं नाव तिथेच संपलं.

आणि मग ती सगळ्यांत प्रसिद्ध लढत. १६१२ साल. होन्शू आणि क्यूशू या दोन मोठ्या बेटांच्या मधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत फुनाशिमा नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे मुसाशी आणि गान्र्यू यांचा सामना झाला. आज आपण या गान्र्यूला सासाकी कोजिरो म्हणून ओळखतो. त्याची तलवार तीन शाकू, म्हणजे जवळपास ९० सेंटीमीटर पात्याची. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: मुसाशी मुद्दाम तासन् तास उशिरा आला, येताना होडीतलं जादा वल्हं तासून त्याची लाकडी तलवार केली, चिडलेल्या कोजिरोने म्यान पाण्यात फेकलं, आणि मुसाशीने एका घावात त्याचं डोकं फोडलं.

गंमत म्हणजे हा सगळा मसाला ज्या पुस्तकातून आला ते ‘नितेनकी’ १७७६ सालचं, लढतीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेलं. १६५४ च्या शिलालेखात उशिराचा उल्लेखच नाही. उलट दोघं एकाच वेळी पोहोचले असं म्हटलं आहे. आणि जवळच्याच मोजी किल्ल्याचे किल्लेदार असलेल्या नुमाता घराण्याच्या कागदपत्रांत एक तिसरीच, जरा कडवट हकीकत आहे. दोघांनी एकेकटं यायचं असं ठरलं होतं, पण मुसाशीचे काही शागीर्द आधीच बेटावर लपून बसले होते. घाव बसलेला कोजिरो शुद्धीवर आला तेव्हा या शागीर्दांनी त्याला मारून टाकलं. कोजिरोचे लोक सूड घ्यायला निघाले, तेव्हा मुसाशी मोजी किल्ल्यात आश्रयाला गेला आणि किल्लेदाराने त्याला सुखरूप पुढे पोचवलं.

यातलं खरं कोणतं, यावर जपानात पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. पण यापेक्षाही विचार करायला लावणारी एक गोष्ट आहे. मुसाशीने म्हातारपणी जे पुस्तक लिहिलं, त्यात या लढतीबद्दल एक अक्षरही नाही. योशिओकांचंही नाव नाही. लढलेल्या माणसांपैकी फक्त पहिल्या दोघांची नावं तो देतो, तेराव्या आणि सोळाव्या वर्षी हरवलेल्यांची. बाकीच्यांचा हिशेब एका वाक्यात उरकतो. एकोणतिशीपर्यंत साठाहून अधिक लढती केल्या, एकही हरलो नाही. बस्स. आणि लगेच पुढे जे लिहितो ते वाचताना आपण थबकतो.

तो म्हणतो की तिशी ओलांडल्यावर त्याने मागे वळून पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण जिंकलो ते विद्या पूर्ण कळली होती म्हणून नव्हे. कदाचित अंगात उपजत चपळाई होती. कदाचित दैवाची साथ होती. किंवा समोरच्या घराण्याची विद्याच तोकडी होती. आपण का जिंकलो हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तो त्याच प्रश्नाच्या मागे लागला, आणि उत्तर हाती लागलं असं त्याला वाटलं तेव्हा तो पन्नाशीला आला होता.

हरलेला माणूस आपलं कुठे चुकलं ते शोधतो, यात नवल नाही. साठ वेळा जिंकलेल्या माणसाने तसं करावं हे अवघड. यश मिळालं की ते आपल्या हुशारीचंच, हे आपण सगळेच धरून चालतो. परीक्षेत, धंद्यात, नोकरीत, परदेशात येऊन बस्तान बसवण्यातही. त्यात किती वाटा काळाचा होता, किती नशिबाचा आणि किती समोरच्याच्या कमजोरीचा, हे मोजायला फार थोडे जण बसतात. मुसाशी बसला. आणि वीस वर्षं बसला.

या वीस वर्षांत जगही बदललं. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि अंतर्गत युद्धं जवळजवळ संपली. मुसाशी त्या मोहिमेत तोकुगावांच्या बाजूच्या मिझुनो सरदाराच्या फौजेबरोबर होता. त्यानंतर मात्र लढणाऱ्यांची गरजच कमी झाली. धनी गमावलेले समुराई, म्हणजे ‘रोनिन’, रस्तोरस्ती हिंडू लागले. तलवारीच्या जोरावर पोट भरायचे दिवस संपत आले होते. मुसाशी आकाशी आणि हिमेजी भागातल्या सरदारांकडे पाहुणा म्हणून राहू लागला. आकाशीचा नवा किल्ला आणि त्याभोवतीचं शहर वसत होतं, तेव्हा रस्त्यांच्या आणि वस्तीच्या आखणीत त्याचा हात होता असं सांगतात. म्हणजे तलवारबाज नगररचनाकार झाला!

लग्न नाही, संसार नाही. पण त्याने दोन मुलं दत्तक घेतली. थोरला मिकिनोसुके हिमेजीच्या होंदा तादातोकी या तरुण सरदारपुत्राच्या सेवेत लागला. १६२६ मध्ये तादातोकी आजारपणात वारला, आणि मिकिनोसुकेने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे धन्यापाठोपाठ स्वतःचं पोट चिरून प्राण दिले. तो जेमतेम विशीच्या पुढचा होता. मुसाशीने यावर काही लिहून ठेवलेलं नाही. धाकटा इओरी ओगासावारा सरदारांकडे गेला आणि अगदी कमी वयात त्यांचा कारभारी झाला. १६३२ मध्ये ओगासावारांची बदली क्यूशूतल्या कोकुराला झाली तेव्हा मुसाशीही मुलापाठोपाठ तिकडे गेला.

१६३७-३८ मध्ये क्यूशूत शिमाबाराचा उठाव झाला. कर आणि छळ यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी, त्यांत बरेचसे ख्रिस्ती होते, एका पडक्या किल्ल्याचा आसरा घेऊन सरकारी फौजेला महिनोन् महिने रोखून धरलं. पन्नाशीचा मुसाशी सरकारी फौजेबरोबर तिथे गेला होता. त्याचं एक पत्र उपलब्ध आहे, त्यात तो कळवतो की पायाला दगड लागल्यामुळे उभं राहणं कठीण झालं आहे. साठ नामांकित तलवारबाज ज्याचं काही करू शकले नाहीत, त्याला तटावरून आलेल्या एका धोंड्याने बसवलं. बढाई मारायला यात काही नव्हतं, तरी त्याने ते सरळ लिहून टाकलं.

त्याच काळात दुसरा एक तलवारबाज यशाच्या शिखरावर होता. याग्यू मुनेनोरी, जन्म १५७१. त्याच्या वडिलांनी १५९४ मध्ये खुद्द इएयासूला निःशस्त्र राहून तलवार काढून घेण्याची करामत दाखवली होती, आणि तेव्हापासून याग्यूंचं नशीब फळफळलं. मुनेनोरी शोगुन इएमित्सूचा तलवारीचा गुरू झाला, सल्लागार झाला आणि १६३६ मध्ये दहा हजार कोकूंचा सरदारही झाला. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. मुनेनोरीने १६३२ मध्ये ‘हेइहो कादेनशो’ हा ग्रंथ लिहिला. तलवारीचा खरा उपयोग माणसं मारण्यासाठी नसून जगवण्यासाठी आहे, एका दुष्टाचा नाश केल्याने हजारो वाचतात, असा त्याचा सूर. त्याचा स्नेही ताकुआन हा झेन भिक्षू. त्याने मुनेनोरीला लिहून कळवलं होतं की मन कुठेही अडकू देऊ नये. शत्रूच्या तलवारीवर अडकलं तर हात अडकतो, स्वतःच्या तलवारीवर अडकलं तरी अडकतो. मुनेनोरीच्या ग्रंथावर या विचाराची दाट छाया आहे. दरबारात बसलेल्या, राज्य चालवणाऱ्या माणसाचं ते पुस्तक आहे.

मुसाशी आणि मुनेनोरी एकमेकांसमोर उभे ठाकल्याची नोंद नाही. पण १६४० मध्ये मुसाशीला ज्याने आग्रहाने बोलावून घेतलं, तो कुमामोतोचा होसोकावा तादातोशी मुनेनोरीचाच शागीर्द होता. त्याने मुसाशीला पाहुण्याचा मान, राहायला किल्ल्याजवळ घर आणि ३०० कोकूंचा तनखा दिला. मुनेनोरीच्या दहा हजारांपुढे हे ३००! तिथे आल्यावर मुसाशीने दिलेल्या निवेदनात, आपण आजवर कुणाचीच चाकरी धरलेली नाही आणि आता वयही झालं आहे, असं मोकळेपणाने सांगितलं आहे. तादातोशीसाठी त्याने १६४१ मध्ये आपल्या विद्येचा सारांश पस्तीस कलमांत लिहून दिला. आणि त्याच वर्षी तादातोशी वारला. उतारवयात मिळालेला एक जाणकार श्रोता असा वर्षभरातच गेला.

दोन वर्षांनी, १६४३ मध्ये, जपानी पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला पहाटे चारच्या सुमारास मुसाशी लिहायला बसला. तारीख आणि प्रहर त्यानेच नोंदवून ठेवले आहेत. कुमामोतोच्या पश्चिमेच्या डोंगरात रेइगान्दो नावाची गुहा आहे. आत कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या जपानी रूपाची मूर्ती. तिथे वंदन करून त्याने पुस्तक सुरू केलं. नाव ‘गो रिन नो शो’, पाच चक्रांचा ग्रंथ. ही पाच चक्रं कोणती? भूमी, जल, अग्नी, वायू आणि आकाश. होय, आपलीच पंचमहाभूतं, आणि क्रमही तोच. बौद्ध धर्माबरोबर ही कल्पना भारतातून चीनमार्गे जपानात गेली. जपानातल्या जुन्या दफनभूमींत पाच आकारांचे दगड एकावर एक रचलेले स्तूप दिसतात, तेही याच पाच तत्त्वांचे. मुसाशीने मात्र सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे की आपण बुद्धाची किंवा कन्फ्यूशियसची वचनं उसनी घेणार नाही, जुन्या युद्धकथाही सांगणार नाही. स्वतःला जे कळलं तेवढंच लिहीन.

पहिला भाग भूमीचा. यात त्याने सेनापतीची तुलना सुताराशी केली आहे. घर बांधणारा मुख्य सुतार आधी लाकूड पारखतो. सरळ, बिनगाठीचं, देखणं लाकूड दर्शनी खांबांना. सरळ पण थोडा दोष असलेलं मागच्या खांबांना. नाजूक पण सुंदर असेल ते दारं-चौकटींना. गाठी असलेलं, वाकडं पण मजबूत असेल तर तेही फुकट घालवायचं नाही, घराचा भार कुठे येतो ते पाहून तिथे वापरायचं. आणि अगदीच कमकुवत असेल त्याची परांची करायची, मग सरपण. माणसांचंही तसंच. कोण कशात कच्चा आणि कशात पक्का हे ओळखून काम वाटायचं. हाताखालच्या सुतारानेही आपली हत्यारं आपणच परजून ठेवायची. आयुष्यभर तलवार चालवलेला माणूस आपल्या विद्येची सुरुवात रंधा-पटाशीने करतो, हे मला फार लोभस वाटतं.

दुसरा भाग पाण्याचा. उभं कसं राहावं, मूठ कशी धरावी, नजर कुठे ठेवावी. चालावं तर नेहमी चालतो तसंच, लढताना वेगळी चाल नको. मनही रोजचंच असावं. हजार दिवसांचा सराव आणि मग दहा हजार दिवसांचा सराव, असा त्याचा हिशेब आहे. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं! दोन तलवारींचं त्याचं कारणही असंच व्यवहारी. समुराईच्या कमरेला एक मोठी आणि एक छोटी, अशा दोन तलवारी असतातच. मग एक म्यानात तशीच ठेवून मरण्यात काय अर्थ? प्राणावर बेतलं असताना जवळ असलेलं प्रत्येक हत्यार कामी आलं पाहिजे.

तिसऱ्या, अग्नीच्या भागात प्रत्यक्ष झुंज. सूर्य पाठीशी ठेवा, शत्रूला अडचणीच्या जागेकडे रेटा, त्याची लय ओळखा आणि मोडा. चौथा वायूचा. जपानीत वारा आणि रीत यांना एकच अक्षर आहे, म्हणून यात इतर घराण्यांच्या रीतींची झडती. नाव कुणाचंच घेत नाही, पण कुणाला सोडतही नाही. लांब तलवारीवर विसंबणारे, ताकदीवर विसंबणारे, शेकडो पवित्रे दाखवून गिऱ्हाईक गोळा करणारे. वेगाचा सोस असलेल्यांनाही तो फटकारतो. दिवसाला चाळीस-पन्नास ‘री’ अंतर तोडणारे, म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटर जाणारे जासूद सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिवाच्या आकांताने धावत नसतात. ज्याला काम येतं तो घाईत दिसत नाही.

याच भागात त्याने घराण्यांच्या गुप्ततेवरही बोट ठेवलं आहे. बाहेरची विद्या वेगळी आणि आतली गुप्त विद्या वेगळी, असा भेद लढाईत कुठून आला? शिष्याला आधी झेपेल ते शिकवावं, मग हळूहळू पुढचं. शपथा आणि दंड यांची भीती घालून शिकवणं त्याला पसंत नव्हतं. त्या काळात हे बोलणं धाडसाचं होतं, कारण गुपितांवरच अनेकांची पोटं चालत होती.

पाचवा भाग आकाशाचा, शून्याचा. तो जेमतेम पानभराचा आहे. तोही सावधगिरीचा. ज्याला काही समजत नाही तो त्या न समजण्यालाच शून्य म्हणतो, हे खरं शून्य नव्हे, असं तो बजावतो. मनावरचे गैरसमजुतीचे ढग पूर्ण निवळले की जे उरतं ते. एवढं लिहून ग्रंथ संपतो.

लिहिता लिहिता दीड वर्ष गेलं. प्रकृती ढासळत होती. त्याला डोंगरातून शहरात परत आणलं गेलं. १६४५ मध्ये पाचव्या महिन्याच्या १२ तारखेला त्याने तो ग्रंथ तेराओ मागोनोजो या शिष्याच्या स्वाधीन केला. त्याच दिवशीचं आणखी एक लेखन आहे, ‘दोक्कोदो’, म्हणजे एकट्याने चालायची वाट. एकवीस छोटी कलमं. त्यात चवीढवीचा सोस नाही, जुन्या वस्तूंचा लोभ नाही, झाल्या गोष्टीची हळहळ नाही. देव आणि बुद्ध यांचा मान राखावा पण त्यांच्या भरवशावर राहू नये, असंही एक कलम आहे. आठवड्याने, १९ तारखेला, मुसाशी वारला. आपल्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १३ जूनचा.

त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली मूळ प्रत टिकली नाही. आपल्यापर्यंत पोचल्या त्या शिष्यांनी केलेल्या नकला. त्याची काही शाईचित्रं मात्र अजून आहेत. त्यांतलं एक फार नावाजलेलं. वाळक्या फांदीचा एकच लांबलचक, न थरथरलेला फटकारा, शेंड्यावर बसलेला खाटीक पक्षी, आणि खालून त्याच फांदीवर वर सरकत येणारी एक अळी. त्याचं दोन तलवारींचं घराणं, ‘नितेन इचि र्‍यू’, आजही जपानात शिकवलं जातं. आणि लोकांच्या मनातला मुसाशी घडवला तो एइजी योशिकावा या कादंबरीकाराने, १९३५ ते १९३९ या काळात ‘असाही’ वृत्तपत्रातून क्रमशः छापलेल्या कादंबरीने. पुढचे सिनेमे आणि ‘वॅगाबाँड’ त्याच कादंबरीची लेकरं. या सगळ्यांत कोजिरोशी झालेली लढत हा कथेचा कळस असतो. मुसाशीच्या हिशेबात मात्र खरं काम त्यानंतर सुरू झालं.

घरातलं कुणी ‘वॅगाबाँड’ वाचत असेल, तर त्याच्या हाती ‘गो रिन नो शो’चं भाषांतर जरूर द्या. छोटंसं पुस्तक आहे, दोन-तीन बैठकींत वाचून होईल. वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. मुसाशी एखादा डाव समजावतो, पाच-सात ओळींत, आणि शेवटी जवळपास दर वेळी एकच सांगणं जोडतो: हे स्वतः करून नीट पारखून पाहा. इतक्यांदा सांगतो की सुरुवातीला कंटाळा येतो. नंतर कळतं की साठ वेळा जिंकूनही ज्याला स्वतःच्या जिंकण्याचा भरवसा वाटला नाही, तो केवळ आपल्या शब्दावर विश्वास ठेवा असं दुसऱ्याला तरी कसं सांगेल?